आधी माझी किल्ली

हिवाळ्यात माझी गाडी गॅरेजच्या दाराला घासली आणि मुलाने किल्ली काढून घेऊन स्वतःच्या जुडग्यात अडकवली. "आई, तू इतकी स्लो चालवतेस की मागचे लोक वैतागतात. इट्स नॉट सेफ." इथे परदेशात, व्हिटबी गावात मी एकटी राहते. मला जायचं कुठे, तर लायब्ररीत आणि ग्रोसरीला. तेवढ्यासाठीही शनिवारची वाट पाहायची, कारण तो दूर ब्रॅम्पटनला राहतो आणि तेव्हाच येतो. सत्तरी ओलांडली की बाईचं सामान होतं, कुणीही उचलून कुठेही ठेवावं. मला संताप आला होता आणि तो मी गिळला नव्हता.

माझ्या वाढदिवसाला त्याने कालव्यावर दिवसभरासाठी बोट भाड्याने घेतली. लांबट, चिंचोळी, आत चहापुरती शेगडी. "तू आरामात बस," म्हणत सुकाणूचं चाक त्यानेच धरलं. कालव्यात बोट सायकलपेक्षाही हळू न्यायची असते. हायवेवर वाढलेल्या माणसाला ते कसं जमावं? काठावरून एखादा सायकलवाला पुढे गेला की याची चुळबुळ सुरू. मी डब्यातले पोहे खात बसले.

पहिलं लॉक आलं. तिथे दोन दारांमध्ये पाणी भरून बोट वर चढवतात. हा तसाच वेगात आत शिरला. बोट भिंतीवर आपटली, माझा चहा सांडला. वरून लॉकवरची मुलगी म्हणाली, "स्लो, सर. स्लोअर."

"अति घाई, संकटात नेई," म्हणत मी उठले आणि चाकावर हात ठेवला.

"आई, प्लीज."

"तू दोरी धर."

त्यानंतर जातानाची आणि येतानाची सगळी लॉक मी पार केली. कुठेही ओरखडा नाही. मघाच्याच मुलीने परतताना मला अंगठा दाखवला. चिरंजीव दर लॉकला दोरी धरून उभे होते. मला मनापासून मजा येत होती, आणि ती मी लपवली नाही.

धक्क्याला बोट लावल्यावर मी बोटीची किल्ली काढली; ती ऑफिसात परत द्यायची म्हणून त्याने हात पुढे केला. पाण्यात पडली तर बुडू नये म्हणून तिला बुचाचा गोळा लावलेला होता. मी ती गोळ्यासकट पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

"आई, ते ऑफिस क्लोज करतायत."

"मग लवकर कर. आधी माझी किल्ली."

"बोट वेगळी, रोड वेगळा."

"मी घासलं ते माझंच गॅरेज होतं. आज तू ठोकलीस ती भिंत सरकारची. तुझी किल्ली कुणी काढून घेतली का?"

तो जुडग्याच्या घट्ट कडीत नख घालून बराच वेळ खटपट करत होता. मी मदत केली नाही.