आंधळे बुलबुल

श्रीनगरातल्या आमच्या गालिच्याच्या कारखान्यात नबीरकाका चाळीस वर्षं तालीम गायले. तालीम म्हणजे नक्षीचा कागद. कुठली गाठ कुठल्या रंगाची, ते त्यावर खुणांनी लिहिलेलं. काका मोठ्यानं गाणार, आम्ही चौघे 'हो' म्हणत गाठी मारणार. कागद त्यांनीच लिहिलेले, पण बुलबुलाच्या डोळ्यापाशी त्यावर 'तीन पांढऱ्या' असायचं आणि काका गायचे, "पांढरी, काळी, पांढरी." कागद चोरणाऱ्याला आंधळाच बुलबुल मिळावा, म्हणून ही जुनी खोड. चाळीस वर्षांत काकांचा एक डोळा चुकला नाही.

मालक वारले आणि त्यांचा मुलगा अल्ताफ दिल्लीहून शिकून आला. त्यानं सगळे कागद कॉम्प्युटरात भरले नि सगळ्यांदेखत म्हणाला, "काका, माणसाचं डोकं म्हणजे कॉम्प्युटरच. तुमचं जुनं झालंय, एवढंच. या आता."

काकांनी खारट नून चहाचा पेला तसाच ठेवला, फेरनच्या घोळदार झग्याखाली निखाऱ्यांची कांगडी धरली आणि जिना उतरले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, ज्याच्या मांडीवर बसून तू मुतलास, त्याला 'या आता'?

छापील कागद मागावर टांगले. आमच्यातल्या यूसुफनं अल्ताफला विचारलं, "काही अडलं तर?"

"डोकं चालवू नका! कागदावर दिसेल तसं विणा."

बरं बाबा.

पहिल्या डोळ्याशी माझी बोटं थांबली. यूसुफ पुटपुटला, "रसूला, पाप लागेल हां."

"लागू दे. मार पांढरी."

चौदा महिने आम्ही पांढरी मारत राहिलो. अल्ताफ अधूनमधून यायचा, मागाकडे न बघता फोनवर बोलत निघून जायचा.

गालिचा मागावरून उतरवून अंगणात पसरला, तेव्हा कुठे त्याला दिसलं. चाळीस बुलबुल, चाळीसही आंधळे. तो तसाच काकांच्या घरी पळाला, परत चला म्हणून पाया पडला म्हणे. काका म्हणाले, "माझं डोकं जुनं झालंय, पोरा," आणि दाराला कडी घातली.

मग अल्ताफ आला आमच्यावर. "गाढवांनो! चौदा महिने विणताय, एकालाही दिसलं नाही?"

"दिसलं की," मी म्हटलं. "पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग तोंड शिवलं होतं?"

"आम्ही कॉम्प्युटर, साहेब. डोळा कागदात नव्हता."