डिकीतली दोन पोती

आमच्या दोघांत जळका मी होतो, हे आधीच सांगून टाकतो. तो कुणावर जळत नसे. जळायला त्याला कारण तरी काय होतं? चाकणच्या अलीकडच्या गावातला जुना शेतकरी, अर्धी जमीन कंपन्यांत गेलेली, उरलेल्या जागेत भाड्याच्या खोल्या, दारात बुलेट. नोकरी करायचा ती हौस म्हणून. मी बीडकडून आयटीआय करून आलेला, काळेवाडीत दोन खोल्यांत चार माणसं आणि पहाटे कंपनीची बस चुकली की दिवस गेला. देव ज्याला देतो त्यालाच पुन्हा कशाला देतो, हे मला आजवर कळलेलं नाही.

आम्ही दोघं एकाच कंपनीत टेस्ट ड्रायव्हर. नवी गाडी बाजारात जाण्याआधी आमच्या हातून जाते. शून्यापासून शंभरचा वेग गाठायला ती किती सेकंद घेते, हे आम्ही कारखान्यामागच्या सरळ पट्ट्यावर पळवून बघतो. पूर्वी शेजारी साहेब बसायचे स्टॉपवॉच घेऊन. दर वेळी माझ्यापेक्षा त्याचा आकडा कमी यायचा. मी घरी येऊन बायकोला सांगायचो, "साहेब दरवर्षी त्याच्या गावच्या जत्रेला मटण ओरपून येतात. बटण दाबताना तो रस्सा आठवत असणार त्यांना." सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला होता.

मग ती डबी आली. साबणाच्या डबीएवढी, काचेला चिकटवायची, आणि तिची वायर बाहेर काढून टपावर एक चुंबकाची चकती ठेवायची. वरच्या उपग्रहांशी तिचं बोलणं जुळलं की हिरवा दिवा लागायचा. सेकंदाचा शंभरावा भागसुद्धा ती सोडत नसे, आणि शेजारी कुणी बसायची गरज नाही. सगळ्यांत जास्त आनंद मला झाला. म्हटलं, आता बघू राव! डबी काही जत्रेला जात नाही.

त्याच सुमारास नव्या गाडीच्या चाचण्यांसाठी एक मुख्य ड्रायव्हर नेमायचं ठरलं. कायमची दिवसपाळी, पगारात वाढ, गाडी घेऊन लांबलांबच्या घाटांत जायचं. नावं दोनच होती, त्याचं आणि माझं. साहेबांनी सांगितलं, एकच गाडी, एकच दिवस, डबीत ज्याचा आकडा कमी तो. बायकोने तर मलाच मिळणार म्हणून माहेरी फोन करून कळवूनही टाकलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी चाचणी लागली. सकाळी मी पळवली. पट्ट्यावर एकदा जाताना, एकदा उलट येताना, म्हणजे वाऱ्याचा हिशेब फिटतो. सरासरी आली बारा पॉइंट सहा. इतकी चांगली मी कधी काढली नव्हती. जेवायला गेलो ते छाती काढूनच.

परत आलो तेव्हा गाडी गेटजवळच्या सावलीत उभी होती आणि स्टोअरवाले काका तिच्या डिकीत नारळाची दोन पोती कोंबत होते. पूजेचे नारळ, पट्ट्याजवळच्या शेडमध्ये पोचवायचे होते. "गाडी तिकडंच चाललीय ना, जाऊ दे हिच्यातनंच," म्हणाले, डिकीवरचं झाकण ओढलं आणि गेले.

आमच्याकडे रीत अशी, की आधी पळवणाऱ्याने पुढच्याला गाडी तपासून द्यायची. टाकी भरलेली, चाकांत हवा बरोबर, डिकी रिकामी. त्याखाली सही करायची. एक जण दुसऱ्यासाठी तपासतो, आणि दुसरा परत उघडून बघत नाही. तसं बघणं म्हणजे त्याच्या सहीचा अपमान.

मी 'डिकी रिकामी'समोर टिक केली आणि सही ठोकली. वाईट वगैरे काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

पहिली फेरी मारून तो थांबला, काच खाली केली आणि म्हणाला, "आज गाडी जड लागती राव. मागनं कुणी धरून ठेवल्यागत."

मी डिकीकडे बघायचं टाळलं. पण तोंड आमचं कायम तयार. म्हटलं, "पोट सुटलंय भावा तुझं, गाडीला कशाला नावं ठेवतो?" साहेब हसले. तोही हसला. "व्हय, त्ये बी हाय," म्हणाला आणि उलटी फेरी मारायला गेला. माझी सही असल्यावर डिकी उघडायचं त्याच्या मनातही आलं नाही.

साहेबांनी लॅपटॉप वळवून दाखवला. बारा पॉइंट चार.

दोन पोती नारळ मागे घेऊन! रिकाम्या गाडीत त्याने काय काढलं असतं, या विचाराने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जत्रेचं मटण नव्हतं, साहेबांचा अंगठा नव्हता. तो माझ्यापेक्षा सरस होता, आणि किती सरस, हे सगळ्या कंपनीत एकट्या मला माहीत होतं. सगळे त्याच्या पाठीवर थापा मारत होते तेव्हा मी म्हणालो, "मी लावतो गाडी शेडला." तिथे पोती एकट्याने उतरवली.

दुसऱ्या दिवशी डबीलाही हळदकुंकू लागलं. नारळ त्यानेच फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. "तू बी चांगली पळवली रं," म्हणाला. तो घास गिळताना मला जे झालं ते माझं मलाच माहीत.

या गोष्टीला चार-पाच वर्षं झाली. सांगून मोकळं व्हावं असं पुष्कळदा वाटतं. नोकरीची भीती आता फारशी नाही. पण खरं सांगितलं तर लोक मला दोन दिवस शिव्या देतील आणि त्याचं कौतुक जन्मभर करतील. ते मला बघवणार नाही.

अजूनही चहाला बसलो की तो कधीतरी म्हणतो, "त्या दिवशी गाडी जड व्हती बघ."

आणि मी म्हणतो, "भास असेल, भावा."