कागदावरचा बैल

"आधी जन्मसाल सांग. नाव मागून."

अमेरिकेत मॉरिसव्हिलच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी भाऊंनी मला हे विचारलं. मी म्हटलं, एक्याऐंशी. क्युबिकलच्या भिंतीवर टाचलेल्या एका कागदावर त्यांनी बोट फिरवलं. "कोंबडा! म्हणजे तोंड बंद राहणार नाही. बस इथं बाजूला."

तो कागद समोरच्या चायनीज हॉटेलातला, प्लेटखाली अंथरतात तो. गोलात चिनी राशींचे बारा प्राणी, प्रत्येकाखाली सालं आणि दोन-तीन ओळी स्वभाव. भाऊंनी अख्खं ऑफिस त्या बारांत बसवलं होतं. टेस्टिंगवाल्या बाई ससा, रिसेप्शनवरचा आडदांड माणूस शेळी. आमचा मॅनेजर, आपलाच मराठी माणूस, माकड. "हुशार असते ते," भाऊ खालच्या आवाजात सांगत, "पण दुसऱ्याच्या हातातलं केळं त्याले आधी दिसते."

स्वतः भाऊ बैल. पासपोर्टवर जन्मतारीख एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. "बैल बोलत नाही, ओढतो," हे दिवसातून दोनदा तरी ऐकायचंच. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत ड्यूटी कोण करणार? भाऊ. सोडून गेलेल्या माणसाचं काम कोणाच्या गळ्यात? भाऊंच्या. आधी मला गंमत वाटायची, मग डोकं फिरायला लागलं. "भाऊ, त्या कागदावर सूपचे डाग आहेत हो! वेद नाहीत ते!" ते हसत म्हणायचे, "डाग असून खरं निघते ना बाप्पा."

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यावर चिडावं तर तोच आपल्याला डब्यातली भाकरी पुढे करतो.

आणि चिडायला कारण होतं. ग्रीन कार्डच्या रांगेत त्यांची तेरा वर्षं गेली होती. मुलगी बारावीत जाणार होती. नोकरी गेली तर व्हिसाच्या नियमानं साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर चंबूगबाळं उचलायचं. अशा माणसानं गप्प बसून कसं चालेल? पेमेंटची नवी सिस्टिम त्यांनी दीड वर्ष खपून एकट्यानं उभी केली होती. वरच्या डायरेक्टरला ते माहीत नव्हतं, कारण दर महिन्याचा रिपोर्ट मॅनेजर स्वतःच्या नावानं पाठवायचा.

त्या एक जूनला आम्ही ब्रेकरूममध्ये केक कापला. तेवढ्यात गावाहून त्यांच्या मोठ्या बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. केक बघून ताई खो खो हसल्या. "कायचा वाढदिवस रे? तू तर चौऱ्याहत्तरच्या होळीचा. शाळेत घ्याले सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, म्हणून गुरुजींनी एक जून टाकला."

आपल्याकडे अर्धी पिढी एक जूनला जन्मलेली आहे, तुमच्या घरातही कोणीतरी असेलच. पण मी मात्र धावत जाऊन कागद बघितला. चौऱ्याहत्तर म्हणजे वाघ! निडर, मानी, अन्याय सहन न करणारा. "भाऊ, वाघ आहात तुम्ही! आयुष्यभर भलतंच जू मानेवर घेऊन बसलात. जा आता, आणि सांगा त्या माकडाला की सिस्टिम माझी आहे, डायरेक्टरसमोर मीच दाखवणार."

भाऊ वाघाच्या चित्राकडे बघत राहिले. मला खरंच वाटलं, आता उठतील.

"जन्मलो असेन वाघ," ते म्हणाले. "पण पासपोर्टवर बैल, व्हिसावर बैल, ग्रीन कार्डच्या फाइलीत बैल. इथं कागद चालते बाबू. वाघ कोणाला दाखवू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही.

पुढच्या आठवड्यात व्हिडिओ मीटिंगमध्ये मॅनेजरनं सिस्टिम दाखवली. "मी बांधली," म्हणाला. बेशरम! चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. डायरेक्टरनं विचारलं, "यात आणखी कोणी होतं का?" भाऊ त्यांच्या चौकटीत मान खाली घालून बसले होते. मग डायरेक्टरनं माझं नाव घेतलं. "तुम्ही त्याच टीमचे ना? तुम्हाला काही सांगायचंय?"

मी म्हटलं, "नाही. सगळं आलं."

माझ्या व्हिसाच्या मुदतवाढीचा फॉर्म तेव्हा मॅनेजरच्या सहीसाठी पडून होता. बस, एवढंच. दुसरं काहीही कारण नव्हतं.

ऑगस्टमध्ये माणसं कमी केली. भाऊंचं नाव यादीत पहिलं, कारण ते नेमकं काय करतात हे वर कोणालाच माहीत नव्हतं. साठ दिवस त्यांनी रोज अर्ज केले. दोन ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचले. त्या दोन्ही ठिकाणी विचारलं, तुम्ही स्वतः काय उभं केलंत? भाऊंनी पेमेंटची सिस्टिम सांगितली. त्या कंपन्यांनी आमच्या ऑफिसात चौकशी केली, तर तिथं ती दुसऱ्याच्या नावावर.

ऑक्टोबरमध्ये मीच त्यांना विमानतळावर सोडलं. बारावी अर्ध्यावर टाकून निघालेली मुलगी मागच्या सीटवर होती. वहिनी तिला घेऊन बॅगांसकट आत गेल्या. भाऊ माझ्या खिडकीशी वाकले.

त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून मी काच पूर्ण खाली केली. कधीतरी, कोणालातरी, एकदा तरी द्या की हो!

"त्या दिवशी मीटिंगमध्ये तू बोलला नाहीस," ते म्हणाले, "बरं केलंस. तुझा फॉर्म अडकला असता."

म्हणजे त्यांना माहीत होतं. सगळं माहीत होतं, आणि तरी ऑगस्टपर्यंत ते मला डब्यातलं वाढत राहिले. मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि मी गाडी पुढे घेतली.