डोंगरावर चला, हे कोणी सांगितलं

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता नुसत्या क्रमांकापुरते उरलेत. कोणी विचारलं तर डोकं खाजवावं लागतं. या एका प्रकरणाचं तसं नाही. ते मी विसरायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही, म्हणून आज लिहितो आहे. नावं कोणाचीच देत नाही.

तेव्हा मी बीड जिल्ह्यात, दिंद्रुड आणि धारूरच्या डोंगराच्या मधल्या पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत धरणाच्या खालच्या अंगाला एक गाव होतं, त्याच्या पाठीशी बालाघाटाचा चढ. दिवाळी झाली की हे गाव ऊसतोडीला जायचं. मागे राहायची म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. टोळी गेली उसाच्या फडावर, तिकडच्या पाचटाच्या झोपड्यांत, म्हणजे कोप्यांमध्ये, आणि गावाशी नातं उरलं फोनवरच्या एका ग्रुपचं.

त्या ग्रुपवर दोन जाती होत्या, वाचणारे आणि ऐकणारे. मास्तर, ग्रामसेवक, दोन-चार शिकलेली पोरं लिहायची. बाकी सगळे बोलून निरोप पाठवायचे आणि बोललेलंच ऐकायचे. ज्या म्हाताऱ्यांकडे फोनच नव्हता, त्यांच्यासाठी गावानं सोय केली होती. गावात पिठाची गिरणी चालवणारा एक गिरणीवाला होता. उसाच्या ट्रकखाली पाय गेल्यापासून तो तोडीला जात नसे. फडावरून आलेले निरोप तो ऐकायचा आणि दुपारी गिरणी बंद केली की देवळाच्या माइकवरून सांगायचा. अमक्याच्या आईनं दवाखान्यात जावं, तमक्याची शेळी विकू नये, असं काय काय. गावाला त्याच्या आवाजाची इतकी सवय होती की माइक खरखरला की म्हाताऱ्या हातातलं काम टाकून ओट्यावर येत.

त्या दिवशी सकाळी दूर कुठल्या तरी बेटांच्या देशात मोठा भूकंप झाला आणि समुद्र गावांवर चढला. दहा वाजेपर्यंत त्याची चित्रं सगळ्या फोनांवर आली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी आपल्या लोकांची तऱ्हा. नंतर मी तो ग्रुप पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासला. आधी हात जोडल्याची चित्रं, मग भावपूर्ण श्रद्धांजली. मग एकानं किल्लारीची आठवण काढली, त्या पहाटे आमचीबी भांडी पडलीती म्हणाला. दुसऱ्यानं विचारलं की तिकडं जमीन हालली तर आपल्याकडं हालंल का. तिसरा म्हणाला, धरणाला तडा गेलाय म्हणं. हे 'म्हणं' फार वाईट असतं. ते कोण म्हणालं, हे कधीच सापडत नाही.

मास्तरांनी चार ओळी लिहून टाकल्या होत्या की हा परदेशातला समुद्र आहे, घाबरू नका. मीही ठाण्यातर्फे नोटीस टाकली होती, अफवांवर विश्वास ठेवू नये, कायदेशीर कारवाई होईल. शुद्ध, ठसठशीत मराठीत. काम झालं असं समजून मी जेवायला बसलो.

दुपारी तीनच्या सुमारास देवळाचा माइक वाजला. धरण फुटलंय, पोरं घेऊन डोंगरावर चला. दोनशे-अडीचशे म्हातारी माणसं आणि पोरं रान तुडवत चढाकडे निघाली. आम्ही जीप घेऊन पोहोचेपर्यंत सगळे वर जाऊन बसले होते आणि खाली धरण जागच्या जागी होतं. फक्त एक सात वर्षांची मुलगी नव्हती. आजीनं तिचा हात धरला होता. मधल्या वाटेनं जाताना एका बिनकठड्याच्या विहिरीपाशी गर्दी झाली, रेटारेटीत हात सुटला.

मुलीला बाहेर काढलं, पंचनामा केला, शवविच्छेदनाला पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे आईबाप फडावरून आले. बापानं फिर्याद दिली. तो शांत माणूस होता, प्रत्येक वाक्य दोनदा सांगायचा. बाई त्याच्या मागे भिंतीला टेकून बसली होती. तिला मी काहीच विचारलं नाही. आईला त्या दिवशी काय विचारायचं?

आरोपी शोधायचा प्रश्नच नव्हता. अख्ख्या गावानं त्याचा आवाज ऐकला होता. लोकांनी गिरणीवाल्याला बेदम चोपला होता आणि आम्ही गेलो नसतो तर दुसरा पंचनामा करावा लागला असता. तेवढ्यात तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा फोन आला. गिरणीवाला विरोधी गटाचा माणूस आहे, गावात घबराट माजवायला त्याला कोणी फूस लावली ते बघा, आणि कलमं जरा कडक लावा. ही झाली आमची खबर. खबर देणाऱ्याचा त्यात काय फायदा, हे पोलिसानं आधी पाहायचं असतं. मी पाहिलं नाही, कारण मला तीच सोयीची होती.

गिरणीवाल्याचा फोन जप्त केला. त्या दुपारचं सगळं त्यानं पुसून टाकलं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवणारा माणूस निर्दोष असेल असं कोण मानेल? दोन दिवसांची कोठडी मिळाली. पहिल्या दिवशी मी त्याला सरळ विचारलं, मग वाकडं विचारलं, मग दोन थपडा मारल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे. त्याचं उत्तर एकच. माझ्याच मनात आलं, म्याच बोललो, काय लिहायचं ते लिवा. गुन्हा इतक्या झटपट कबूल करणारी माणसं मी पाहिली होती, पण ती शिक्षा कमी व्हावी म्हणून कबूल करतात. हा तर शिक्षा मागत होता.

मुलीचा बाप सकाळपासून ठाण्यात असायचा. दारातल्या बाकावर बसायचा आणि मी दिसलो की उठून म्हणायचा, "साहेब, त्याला सोडू नका." बाई सोबत असायची. चहा दिला तर कप हातात धरून ठेवायची.

दुसऱ्या दिवशी माझे एक हवालदार टेबलाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या आईवडिलांचं आयुष्य ऊसतोडीत गेलं, स्वतः कोपीत जन्मलेला माणूस. म्हणाले, साहेब, तो स्वतःच्या मनानं माइकवर कधीच बोलत नाही. त्याच्याकडे निरोप आल्याशिवाय तो देवळात चढत नाही. मी म्हटलं, मग सांगत का नाही? हवालदार म्हणाले, ते मला नाही ठाऊक, पण लोकांना एवढं विचारा की त्यानं आधी कोणाचं नाव घेतलं.

मी सगळे जबाब पुन्हा काढले. लोकांनी काय ऐकलं ते आम्ही विचारलं होतं, कोणत्या क्रमानं ऐकलं ते कोणीच विचारलं नव्हतं. गावात गेलो. मुलीच्या आजीनं उंबऱ्यात बसून सांगितलं, "माझंच नाव पयलं पुकारलं, बाबा. म्हनला, नातीला घेऊन डोंगरावर जा. मंग दम घेतला अन् म्हनला, समदेच चला." म्हातारीला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. मला मात्र मोटारसायकलला किक मारायचं सुचेना.

निरोप तिच्यासाठी होता. आणि तिला निरोप पाठवणारं घर जगात एकच होतं.

ठाण्यात परतलो. बाप बाकावर होताच. त्याचा फोन मागितला, त्यानं लगेच काढून दिला, तपासाला काही मदत होत असेल तर बरंच म्हणून. त्यानं तो फोन त्या दिवसापासून उघडलाही नव्हता. मी बोटानं त्यातले निरोप सरकवत होतो, तेव्हा ती बाई पहिल्यांदा उठली. आमच्या महिला पोलिसाला म्हणाली, मला आत घ्या. नवऱ्याला वाटलं तिला चक्कर आली.

आतल्या खोलीत तिनं सांगितलं ते असं. नवरा मोळ्या भरलेल्या ट्रकबरोबर कारखान्यावर गेला होता, फोन तिच्यापाशी होता. ग्रुपवर तिनं ते पाणी पाहिलं. मातकट पाणी, पत्रे वाहताहेत, माणसं ओरडताहेत. त्याखाली कोणाचा तरी आवाज, धरणाला तडा गेलाय म्हणं. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिच्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे गावाच्या डोक्यावरचं धरण. एवढं पाणी दुसरं कुठून येणार? मास्तरांच्या चार ओळी आणि माझी नोटीस त्याच चित्राखाली होती. तिला अक्षर येत नव्हतं. कोप्यांवर विचारायला कोणी नव्हतं, सगळी फडात. तिनं ग्रुपवर नाही, थेट गिरणीवाल्याच्या फोनवर बोलून निरोप पाठवला, माझ्या सासूला सांगा, पोरीला घेऊन डोंगरावर जा, धरण फुटलंय. हुंदके देत बोलली होती. त्या आवाजावर कोणीही विश्वास ठेवला असता.

"त्या दादानं नुसतं सांगितलं," ती म्हणाली. "मीच बोलले. त्यायला सोडा. पर माझ्या मालकाला सांगू नका. मला टाकतेल, त्याचं काय न्हाई. त्यायला राग धराया कुनीतरी पायजे साहेब. न्हाई तर ते जगायचे न्हाईत."

मी कोठडीपाशी गेलो. गिरणीवाल्याला म्हटलं, मला कळलं आहे. दोन दिवस मार खाऊनही तो बधला नव्हता, तेव्हा मात्र ढसाढसा रडला. पोरीला विहिरीतून काढताना पाहिलं आणि त्यानं तो निरोप पुसला होता. "नाव नका लिहू," म्हणाला. "मला दोन वर्षं टाका आत. माझं काय, गिरणी बंद राहील."

चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नये, एवढं मला शिकवलेलं होतं. इथे चोर नव्हताच, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी बाईचा जबाब नोंदवला, निरोप मुद्देमालात घेतला आणि गैरसमजातून घडलेली घटना म्हणून न्यायालयाकडे 'क' समरी, म्हणजे गुन्हा बंद करण्याची मंजुरी, मागितली. नाव न लिहिता अहवाल टिकला नसता, असं मी गिरणीवाल्याला सांगितलं. टिकला असता की नाही, हे मी कोणा वकिलाला साधं विचारलंही नाही. प्रकरण उघडकीस आलं होतं आणि ते मला पूर्ण हवं होतं. वरिष्ठांनी शाबासकी दिली.

अशा अहवालावर फिर्यादीचं म्हणणं घ्यावं लागतं. त्याला न्यायालयात बोलावलं. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून कारकुनानं वाचून दाखवलं. मी तिथे उभा होतो. बायकोचं नाव आलं तेव्हा तो कारकुनाला म्हणाला, "पुन्यांदा वाचा." कारकुनानं पुन्हा वाचलं. त्यानं सांगितल्या जागी अंगठा उठवला, शाई डोक्याला पुसली आणि बाहेर गेला. बाई व्हरांड्यात बसली होती. तिच्यासमोरून तो फाटकाकडे चालत गेला, थांबला नाही. त्याला त्यानंतर गावात कोणी पाहिलं नाही. हरवल्याची नोंद माझ्याच ठाण्यात झाली. ती मी निवृत्त होईपर्यंत उघडी होती.

एक गोष्ट मी बदलली. पुढे प्रत्येक नोटीस मी बोलून पाठवायला लागलो, माझ्या साध्या आवाजात. सहकारी हसायचे. हे आधी सुचायला हवं होतं. हद्दीत अर्धी माणसं ऐकणारी आहेत हे मला ठाऊक होतं, तरी मी वाचणाऱ्यांसाठी लिहिलं आणि जेवायला बसलो. त्या एका जेवणासाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

गेल्या वर्षी धारूरच्या बाजारात गिरणीवाला भेटला. माझ्याशी तो नीट बोलला, हे त्याचं मोठेपण. बाई आणि सासू एकाच घरात राहतात म्हणाला. तोडीला जाता येत नाही, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकट्या बाईला टोळीचा मुकादम घेत नाही. माइक आता कोणी लावत नाही. ती आठवड्याला ज्वारी घेऊन गिरणीवर येते. दळण होईपर्यंत उभी राहते, गिरणी थांबली की एकच विचारते.

"काय विचारते?"

"म्हनते, दादा, माझं उभ्या जन्मात कुनी ऐकलं न्हाई. त्या दिशीच तुमी कावून ऐकलं?"

तपास पूर्ण करणं म्हणजे न्याय करणं, असं मी तीस-बत्तीस वर्षं समजत होतो. त्या प्रश्नाला तुम्ही काय सांगता, असं मी गिरणीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, पिठाची पिशवी उचलून तिच्या डोक्यावर देतो.