शी आत्या आणि फ्रिजचा झगा

आमच्या आत्याचा दिवस ‘शी’नं उजाडायचा. दुधाची पिशवी आली की आधी नाकाशी, मग नळाखाली. अंबरनाथ पश्चिमेच्या तिच्या चाळीत कुणाकडे काय नासलंय, हे त्या घराच्या आधी तिला कळे. आम्ही भाचे तिला शी आत्या म्हणायचो, तेही तोंडावर. “देवानं नाक काय नुसतं शिंकायला दिलंय, मेल्यांनो?” एवढंच ती म्हणे.

माझी नोकरी सुटली तेव्हा बदलापूरबाहेरच्या आमच्या जमिनीवर मी सहलीला येणाऱ्यांसाठी एक ट्रेलर उभा केला. आत झोपायची सोय. मागची फळी वर उचलली की उघड्यावरचं स्वयंपाकघर, त्यात गॅसची शेगडी आणि शेजारी कमरेएवढा फ्रिज. घर आता यावरच चालायचं होतं. रांधायला आत्या आली.

आल्या आल्या तिनं फ्रिजला झगा शिवला. घरी आपण फ्रिजच्या डोक्यावर फुलाफुलांचं कव्हर घालतो. हिनं चारही बाजूंनी जमिनीपर्यंत घातला, खाली झालर. “शी, धूळ, पाली, सगळं बसेल त्याच्यावर.” काही दिवसांनी उल्हासनगरच्या कॅम्प पाचचा सिंधी मेकॅनिक फ्रिज तपासायला आला आणि बघतच राहिला. “साईं, आप मई में रजाई ओढ़ोगे? पीछे से गरम हवा निकलने दो. और चूल्हे से दूर रखो इसको.” मी मान डोलावली. आत्याला मात्र सांगितलं नाही. झालर वाकडी झाली म्हणून तिनं सगळी उसवून पुन्हा शिवली होती. नंतर सांगू, म्हटलं.

त्याच आठवड्यात उल्हासनगरचं एक कुटुंब आलं. आदल्या दिवशी मसाला लावून फ्रिजमध्ये ठेवलेल्या कोलंबीचा डबा आत्यानं उघडला, सवयीनं नाकाशी नेला, “छान मुरलीय” म्हणाली आणि तेल तापत ठेवलं. मी मागेच उभा होतो. गटारात कुजलेल्या पोत्यासारखी दुर्गंधी आली. कोलंबी करडी पडली होती, चमच्याला चिकट तार येत होती, आणि आत्या ती शांतपणे ढवळत होती. पाहुण्यांसमोर, तिच्याच सुरात, माझ्या तोंडून निघालं, “शी!”

“भाईसाब, हम बाहर खा लेंगे,” म्हणत पाहुणे गाडीत बसले.

आत्यानं पुन्हा हुंगून पाहिलं. “दिन्या, खरंच वास येतोय?” मग हळूच म्हणाली, “मागे ताप आला होता ना, त्यानंतर मला कसलाच वास येत नाही रे. सांगितलं असतं तर तू इथं ठेवलं असतंस का?”

मी झगा ओढून काढला. फ्रिजची पाठ तव्यासारखी तापली होती. तरीही मेकॅनिक काय म्हणाला ते मी तिला सांगितलं नाही, आणि कोलंबी आपल्यामुळे नासली असं समजून ती दुसऱ्या सकाळी घरी गेली. माझी मलाच किळस आली.

शेवटी अंबरनाथला जाऊन मी तिला मेकॅनिकचं सगळं सांगितलं. तिनं मला नीट न्याहाळलं. “शी. एवढं तोंडावर सांगायला काय झालं होतं तुला?” इतक्या वर्षांत तिची कुठलीच शी मला इतकी लागली नव्हती.

ती परत आली, पण एका अटीवर. “हात माझे, नाक तुझं. आणि भीड ठेवायची नाही.”

आता ती नाही. फ्रिज झग्याशिवायच असतो, शेगडीपासून लांब, पाठीमागे हात फिरेल एवढी जागा सोडून. रोज डबा नाकाशी नेऊन मी मोठ्यानं सांगतो, चांगलं आहे की शी. कुणी विचारलेलं नसतं.