वाळीत टाकलेल्या घरची वहिनी

चिपळूणच्या कॉलेजात मी वीस वर्षं युरोपचं तत्त्वज्ञान शिकवतोय. महायुद्धात शेजारची माणसं धरून नेली जात असताना भली माणसं खिडक्या लावून का बसली, हा प्रश्न तिथल्या विचारवंतांना सोडत नाही. दुसऱ्याचा चेहरा समोर आला की आपली जबाबदारी सुरू होते, ती आपल्याला विचारून येत नाही, असं मी पोरांना दरवर्षी सांगतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

गाव माझं दापोलीकडच्या किनाऱ्यावर, सुट्टीला मी तिथल्या घरीच असतो. घरात दाणा नव्हता म्हणून माझ्या चुलतभावानं नारळी पौर्णिमेचा नारळ दर्याला वाहायच्या आधीच होडी पाण्यात घातली. गावकीनं त्याला वाळीत टाकलं. त्याच्याशी बोलेल तोही वाळीत. माझ्या लेकीचं लग्न मार्गशीर्षात होतं आणि मांडवाला गाव लागतं. वाळीत टाकणं गुन्हा आहे, हा कायदा मला पाठ होता, तरी गावकीच्या बैठकीत मी मान खाली घालून बसलो.

लग्नाला महिना असताना एका दुपारी वहिनी फाटकाशी आली. भावाच्या छातीत कळ आली होती आणि गावातला एकही रिक्षावाला यायला तयार नव्हता.

"भावोजी, गाडी काडता?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तिच्या पायांकडे बघत म्हणालो, गाडी दुरुस्तीला गेलीय. गाडी माझ्या पाठीमागं अंगणात उभी होती. वहिनी आल्या पावली वळली.

शेजारच्या गावातून टेम्पो येईपर्यंत भाऊ गेला. मग गावकीनं बंदी उठवली. सगळा गाव खांदा द्यायला आला, मीही दिला. लग्न थोडं पुढं ढकललं, पण थाटात झालं.

आता वर्गात फळ्याकडे वळलो की पाठीमागं कुणीतरी येऊन उभं राहिल्यासारखं वाटतं. लिहिता लिहिता मी मागं बघतो. पोरं एकमेकांना खुणावतात.

वहिनी दर रविवारी मासळी घेऊन येते, पहिल्यासारखीच बोलते. मला तेच सोसवत नाही. गेल्या रविवारी मी सांगून टाकलं की गाडी त्या दिवशी दारातच होती.

बांगडे साफ करणारे तिचे हात थांबले नाहीत.

"मला दिसली हुती. पन पोरीचं लगीन हाय, तुमी तरी काय करनार, म्हनून परत नाय इचारलं. परत इचारायला होवं हुतं, भावोजी. ती चूक माजीच."

नाही वहिनी, एवढंच म्हणायचं होतं. मी बांगडे घेतले आणि आत गेलो.