मधली बिजागरी

कारखान्यातून काकू निवृत्त झाल्या, पण त्यांच्या हातांना कोणी तसं कळवलं नव्हतं. उभी हयात त्यांनी तयार शर्टांची बटणं ओढून तपासली. त्यामुळे जगात जे जे कशाला तरी चिकटवलेलं आहे ते एकदा ओढून पाहावं, असं त्यांना आतून वाटे. शेजारीण गप्पा मारायला आली की स्वतःची बटणं मुठीत धरून बसे.

अशा बाईने गोंदाच्या वाटेला जाऊ नये. पण काकांना रिमोटवरची विमानं उडवायचा नाद, आणि बांधणारे हात घरात हेच. काका जन्मभर क्रेन चालवत आलेले, स्वभावानेही क्रेनसारखे संथ. आता त्यांचा उजवा डोळा कामातून गेला होता. डाव्याचं ऑपरेशन सोमवारी. दिसेल का, या प्रश्नावर डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले होते. तेव्हा नवं विमान रविवारी उडायलाच हवं होतं. त्याचे पंख पलंगाहून लांब, रंग पिवळाजर्द, एका डोळ्यालाही चुकणार नाही असा. राहिलं होतं ते शेपटीचं सुकाणू.

सुकाणू म्हणजे उभ्या शेपटीला लावलेलं एक छोटं दार. तीन बिजागऱ्या; प्रत्येकीचा एक पाय शेपटीत, दुसरा दारात, मध्ये वळणारा सांधा. पायांना गोंद आणि सांध्याला आधी व्हॅसलीन, म्हणजे गोंद आत शिरत नाही. शनिवारी सकाळी काकूंनी गोंद कालवला, वरची बिजागरी बसवली आणि गॅस बंद आहे का ते बघायला उठल्या. बंद होता. तो नेहमीच बंद असे. परत आल्या तर मधलीला व्हॅसलीन लावलं की नाही, काही केल्या आठवेना. जराशी चकाकल्यासारखी वाटली. गोंद काही कोणासाठी थांबत नाही. उरलेल्या दोन्ही बसवून टाकल्या.

मग जीव थाऱ्यावर राहीना. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. शेवटी विमानाच्या खोलीकडे वळल्या, तर काका दाराला कुलूप लावून किल्लीवर बसलेले.

"मला फक्त बघायचंय."

"गेल्या वेळी पण फक्त बघितलंस. पंखाची पट्टी हातात आली होती."

"अहो, गोंद ओला आहे तोवर एकदाच हलवते."

"ओला आहे तोवरच तर नको म्हणतोय, बाई!"

काकू मागे फिरल्या. गेल्या वेळचं खरंच होतं. जन्मात एकदा त्यांचं हलवून पाहणं योग्य होतं, आणि नेमका तेव्हाच त्यांनी नवऱ्याचा शब्द मानला.

रविवारी सकाळी कुलूप उघडलं. काकूंनी शेपटी आडवी धरली. सुकाणू आपल्या वजनाने खाली पडायला हवं होतं. ते अर्ध्यावर अडलं.

काकांनी रिमोट चालू केला. शेपटीतली छोटी मोटर कुंथली, आणि सुकाणू वळलं.

"वळतंय की!"

"कुंथतंय."

"माझे गुडघेही कुंथतात. मला टाकून दिलंस का?"

"गुडघ्यांना पंख नाहीत."

काका हसले, पण रिमोट सोडला नाही. "आजचा दिवस चालेल गं. एकच फेरी. मैदानावर आपले विमानवाले सगळे थांबलेत."

सगळे थांबलेत, हेच तर काकूंच्या डोक्यात घोळत होतं. मोटरने हवेत मान टाकली, विमान झाडात गेलं, तर बिजागरीचं नाव कोण घेणार? सगळे हळहळून म्हणतील, काकांना आता दिसत नाही हो. आणि काकाही तेच खरं धरून सोमवारी त्या टेबलावर झोपतील.

त्यांनी पातळ करवत उचलली आणि काका काही विचारायच्या आत मधल्या सांध्यावर चालवली. पिवळ्या रंगावर पांढरा भुसा पडला.

"अगं! अगं, काय केलंस हे?" काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आज उडवणार होतो ना मी!"

"व्हॅसलीन माझं राहिलं. विमान पडलं असतं तर खापर तुमच्या डोळ्यावर फुटलं असतं."

काका खाली बसले. काकूंनी मधली कापून मोकळी केली.

"आणि सोमवारनंतर दिसलंच नाही तर?"

"तर मी उडवीन. तुम्ही शेजारी उभे राहून चुका काढा."

"तू? विमान हवेत असताना दहा वेळा खाली आणून बघशील, पंख आहेत का ते."

"बघीन," काकू म्हणाल्या. "शेपटी धरा घट्ट. अजून दोन कापायच्यात, त्याशिवाय नवी बसणार नाही."

काकांनी रिमोट बंद केला आणि शेपटी मांडीवर घेतली.